माइक नाही, मग चेलो ऐकू कसा येणार?

प्रश्न : मुंबईत लवकरच एका सिंफनी ऑर्केस्ट्राची मैफल आहे. मुलीने माझंही तिकीट काढलं आहे. जाहिरातीत ‘ड्वोर्झाक : चेलो कॉन्चेर्टो’ असं लिहिलंय आणि चेलोवादकाचा मोठा फोटो आहे. मी आयुष्यभर ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत आले, यातलं मला काही कळत नाही. मुलगी म्हणते, तिथे माइक लावत नाहीत. मग एका बाजूला साठ-सत्तर वाद्यं आणि दुसऱ्या बाजूला एकटा चेलो, तो ऐकू कसा येणार? आणखीही बारीकसारीक शंका आहेत, त्या सोबतच्या कागदावर लिहिल्या आहेत.

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काही कळत नाही म्हणता, पण नेमकं दुखण्यावरच बोट ठेवलंत. या शंकेने मोठमोठ्या संगीतकारांना छळलं आहे. चेलोला पुढे बसवून मागे ऑर्केस्ट्रा उभा करायचा, तर चेलो बुडतो. ही भीती खरी असल्यामुळे कित्येकांनी त्या वाटेला जायचंच टाळलं. एका वाक्यात उत्तर हवं असेल तर असं : चेलो ऐकू येतो तो त्याचा आवाज वाढवून नव्हे, तर बाकीच्यांना आवरून. हे आवरणं कागदावर संगीतकार करतो, मंचावर कंडक्टर करतो आणि उरलेलं काम सभागृह करतं. आता जरा सविस्तर.

अडचण आवाजाच्या जागेची

चेलो हे व्हायोलिनच्याच घराण्यातलं वाद्य. त्याचं खोड सुमारे पाऊण मीटर लांब असतं. गुडघ्यांमध्ये धरून, बसून ते वाजवतात. तारा चार. सर्वांत जाड तार साधारण 65 हर्ट्‌झला लागते आणि सर्वांत बारीक 220ला. व्हायोलिनची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली तरी 659 हर्ट्‌झच्या आसपास बोलते. माणसाचा कान वरच्या पट्टीला जास्त तिखट असतो, खर्जाला मंद. त्यामुळे व्हायोलिन एकटं असलं तरी ऑर्केस्ट्राच्या डोक्यावरून निघून जातं. चेलोला ती सोय नाही.

त्यातून शेजार वाईट. चेलोचा गोड आवाज ज्या मधल्या पट्टीत आहे, तिथेच व्हायोला, बासून, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेटचे खालचे सूर राहतात. शिवाय ऑर्केस्ट्रात स्वतःचे आठ-दहा चेलो असतात ते वेगळेच. एकाच पट्टीत बोलणारी चार माणसं एकदम बोलू लागली की त्यातलं हळू बोलणारं माणूस घरात नसल्यासारखंच होतं. चेलोचं तसं होतं.

कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याला पुढे बसवून ऑर्केस्ट्रासह वाजवायची रचना. म्हणूनच अशा रचनांची यादी पाहिलीत तर आश्चर्य वाटेल. पियानो आणि व्हायोलिनसाठी कॉन्चेर्टो लिहिणाऱ्या बेथोव्हनने एकट्या चेलोसाठी एकही लिहिला नाही. त्याच्या ‘ट्रिपल कॉन्चेर्टो’त चेलो आहे, पण सोबत व्हायोलिन आणि पियानोही आहेत. ब्राम्सने 1887 मध्ये लिहिला तो व्हायोलिन आणि चेलो या जोडीसाठी. मोझार्टचा चेलो कॉन्चेर्टो आज आपल्याकडे नाही. हायडनने मात्र लिहिले. त्याच्यापुढे ऑर्केस्ट्रा होता तो मूठभर तंतुवाद्यं, दोन ओबो आणि दोन हॉर्न एवढाच, म्हणून त्याला ते जमलं. त्याचा सी मेजरमधला चेलो कॉन्चेर्टो तर जवळपास दोनशे वर्षं हरवलेला होता. 1961 मध्ये प्रागमध्ये त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा वाजला.

एकोणिसाव्या शतकात ऑर्केस्ट्रा फुगत गेला. पितळी वाद्यं वाढली, तंतुवाद्यांची संख्या वाढली. चेलोचं काम आणखी कठीण झालं.

ड्वोर्झाकने गाठ कशी सोडवली

अँटोनिन ड्वोर्झाक हा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. त्यालाही चेलो एकट्याने पुढे बसवण्याच्या लायकीचा वाटत नव्हता. हे वाद्य वर गेलं की नाकात बोलतं आणि खाली आलं की पुटपुटतं, असं त्याचं मत सांगितलं जातं. तरुणपणी त्याने एक चेलो कॉन्चेर्टो लिहायला घेतला होता, पण त्याची पूर्ण ऑर्केस्ट्रा-मांडणी केलीच नाही.

1892 ते 1895 या काळात तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्वेटरीचा प्रमुख होता. तिथल्या अध्यापकांत व्हिक्टर हर्बर्ट नावाचा आयरिश वंशाचा चेलोवादक होता. मार्च 1894 मध्ये हर्बर्टने स्वतःचा दुसरा चेलो कॉन्चेर्टो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवला. ड्वोर्झाक श्रोत्यांत होता. मागे तीन ट्रॉम्बोन असूनही चेलो बुडत नाही, हे त्याने ऐकलं आणि त्याचं मत फिरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने लिहायला घेतलं आणि फेब्रुवारी 1895 मध्ये बी मायनरमधला चेलो कॉन्चेर्टो तयार झाला. असा कॉन्चेर्टो लिहिता येतो हे ठाऊक असतं तर आपणही केव्हाच लिहिला असता, असे उद्गार ब्राम्सने नंतर काढल्याची आठवण सांगतात.

त्याच्या युक्त्या साध्या आहेत, पण एकदा कळल्या की मैफलीत त्या दिसू लागतात.

पहिली युक्ती : आधी ऑर्केस्ट्राला पोटभर बोलू द्यायचं. सुरुवातीला दोन क्लॅरिनेट खालच्या सुरात मुख्य धून सांगतात, मग अख्खा ऑर्केस्ट्रा ती उचलून गरजतो. पुढे एकटा हॉर्न दुसरी धून वाजवतो आणि ती इतकी सुंदर आहे की पुष्कळजण तिच्यासाठीच हा कॉन्चेर्टो ऐकतात. या सगळ्यात तीन-साडेतीन मिनिटं जातात आणि चेलोवादक नुसता बसून असतो. ऑर्केस्ट्राची हौस अशी भागली की तो शांत होतो आणि चेलो आत येतो. आल्या आल्या तीच पहिली धून, पण ऐनवेळी सुचल्यासारखी मोकळी. संगीतकाराने तिथे तशी सूचनाच लिहून ठेवली आहे. आलापीची सवय असलेल्या तुमच्या कानाला ही जागा लगेच ओळखीची वाटेल.

दुसरी : चेलो बोलत असताना पितळी वाद्यं बहुतेक गप्प. ट्रॉम्बोन आणि ट्यूबा मंचावर आहेत, पण ते वाजतात मुख्यतः चेलो थांबलेला असताना.

तिसरी : चेलोला सोबत करायची ती वेगळ्या पट्टीतल्या एखाद-दुसऱ्या वाद्याने. पहिल्या भागाच्या मध्यावर चेलो मुख्य धून अगदी संथ करून गातो आणि त्याच्या वर एकटी फ्लूट आपली वेगळी ओळ विणत राहते. फ्लूटची जागा वर, चेलोची खाली. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

चौथी : मागच्या तंतुवाद्यांना गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडायला लावायच्या. छेडलेला सूर लगेच विरतो आणि दोन सुरांच्या मधल्या फटीतून चेलोचा लांब सूर सहज बाहेर येतो.

पाचवी : चेलोला वरच्या पट्टीत न्यायचं. ज्या पट्टीला ड्वोर्झाक नाकात बोलणारी म्हणत होता, तिथेच त्याने चेलोला सर्वांत जास्त गायला लावलं. हा धडा त्याने हर्बर्टकडून घेतला.

शेवट त्याने का बदलला

कॉन्चेर्टोत शेवटाजवळ एकट्या वादकाला आपली तयारी दाखवायला मोकळं रान देण्याची जुनी रीत आहे. त्याला कॅडेन्झा म्हणतात. ज्याला हा कॉन्चेर्टो अर्पण केला होता त्या चेलोवादक हानुश विहानने शेवटच्या भागासाठी असा कॅडेन्झा सुचवला. ड्वोर्झाकने साफ नकार दिला आणि आपण लिहिलंय तसंच छापायचं, अशी प्रकाशकालाही ताकीद दिली.

या हट्टाला कारण होतं. त्याची मेहुणी जोसेफिना हिच्यावर तरुणपणी त्याचं प्रेम होतं. लग्न झालं ते तिच्या धाकट्या बहिणीशी. न्यूयॉर्कमध्ये असताना जोसेफिना आजारी असल्याचं कळलं, तेव्हा तिच्या आवडत्या, त्यानेच रचलेल्या एका गीताची धून त्याने दुसऱ्या भागात गुंफली. तो मायदेशी परतल्यावर मे 1895 मध्ये ती वारली. त्याने शेवट पुन्हा लिहिला. आता तिथे वेग मंदावतो, पहिल्या भागाची आठवण येते, त्या गीताची धून परत येते. ऑर्केस्ट्राचा लीडर म्हणजे पहिला व्हायोलिनवादक आणि चेलो काही क्षण दोघंच बोलतात. नंतर चेलोचा एक सूर हळूहळू वाढत जातो आणि मग ऑर्केस्ट्रा धडाक्यात समाप्ती करतो. अशा ठिकाणी तयारी दाखवायला जागा नाही, हे ड्वोर्झाकचं म्हणणं ऐकणाऱ्याला पटतं.

पहिला प्रयोग 19 मार्च 1896 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये झाला. वाजवला लिओ स्टर्नने, कंडक्टर स्वतः ड्वोर्झाक. ज्याला अर्पण केला त्या विहानला पहिल्या प्रयोगाचा मान मिळाला नाही.

वादक आणि सभागृह

संगीतकाराने कागदावर जागा करून दिली तरी ती भरायची वादकानेच. चेलोच्या बुडाशी धातूची एक सळई असते, ती जमिनीत रोवतात. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आद्रियाँ-फ्राँस्वा सर्व्हे याच्यामुळे तिचा वापर रूढ झाला असं मानतात. त्याआधी वादक चेलो पोटऱ्यांमध्ये आवळून धरत. सळईमुळे हात मोकळे झाले आणि वाद्याचा कंप जमिनीत उतरू लागला. एकल वादकाला बरेचदा लाकडी चौथऱ्यावर बसवतात. तो पोकळ चौथराही वाद्याबरोबर थोडा घुमतो. पूर्वी तारा आतड्याच्या असत, विसाव्या शतकात पोलादी आल्या आणि आवाजाला धार आली. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज, त्यावर घासलेली राळ आणि उजव्या हाताचं वजन, एवढ्या भांडवलावर वादक शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

कंडक्टरही हात राखून असतो. चेलोच्या मागे वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा आवाज तो खाली आणतो. गरज पडली तर काही वादकांना तेवढ्यापुरतं थांबवतो.

राहिलं सभागृह. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर 1999 मध्ये सुरू झालं. सुमारे अकराशे आसनांचं. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी हे शहरातलं मुख्य ठिकाण. अशा सभागृहात भिंती आणि छतच ध्वनिक्षेपकाचं काम करतात. त्यामुळे तुमच्या पिशवीतल्या प्लास्टिकची सळसळही तितक्याच इमानाने पोचते, हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या कागदावरच्या शंका.

सुरुवातीला सगळे एकदम काहीतरी वाजवतात, तो कार्यक्रमाचा भाग असतो का?

नाही, ते वाद्यं जुळवणं. ओबोवादक एक सूर धरतो, साधारण 440 हर्ट्‌झचा, आणि बाकीचे आपापल्या तारा त्याच्याशी मिळवतात. आपल्याकडे गायकाच्या गळ्याप्रमाणे षड्ज बदलतो, इथे हा सूर ठरलेला. ओबोचा सूर स्थिर असतो आणि गर्दीतही ऐकू येतो, म्हणून मान त्याचा.

चेलोवादक कंडक्टरचं ऐकतो की कंडक्टर चेलोवादकाचं?

कॉन्चेर्टोत बहुतेक वेळा कंडक्टरच वादकाच्या मागे जातो. वादक एखाद्या सुरावर रेंगाळला तर साठ-सत्तर माणसांना तेवढंच रेंगाळायला लावणं हे कंडक्टरचं कौशल्य. मात्र ऑर्केस्ट्राला निव्वळ संगतकार समजू नका. ड्वोर्झाकच्या या कॉन्चेर्टोत कितीतरी ठिकाणी चेलोच फ्लूटची किंवा क्लॅरिनेटची संगत करतो.

दाद कधी द्यायची? मध्येच ‘वा’ निघून गेलं तर?

कॉन्चेर्टोचे तीन भाग. सध्याच्या रिवाजाप्रमाणे तिसरा संपल्यावरच टाळ्या. कंडक्टरने हात खाली घेऊन श्रोत्यांकडे तोंड केलं की समजावं. हा रिवाज काही सनातन नाही. ड्वोर्झाकच्या काळात लोक प्रत्येक भागानंतर टाळ्या वाजवत. त्यामुळे पहिल्या भागानंतर कुणी टाळी वाजवली तर त्याच्याकडे रागाने बघायचं कारण नाही. वाजत असताना मात्र तोंडातून शब्द काढू नका. माइक नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे.

आपल्याकडे हे वाद्य कुणी वाजवतं का?

वाजवतात, आणि तुम्ही ते ऐकलंही आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत आले. तिथले वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा कणा झाले. जुन्या गाण्यांमध्ये कडव्यांच्या मधल्या जागेत खालून जी दाट, उदास ओळ येते ती पुष्कळदा चेलोंची असते. फक्त तिथे रेकॉर्डिंगचा माइक होता, त्यामुळे बुडण्याचा प्रश्न नव्हता. त्या गोवेकरांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला लावलं. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ या सिनेमातल्या गाण्यात येणारं अँथनी गोन्साल्विस हे नाव याच गुरूंचं.

मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. जगभर गाजलेले कंडक्टर झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. 2006 मध्ये एनसीपीएत खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेन्गालियेव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला.

तुमच्यासारख्या ख्याल ऐकणाऱ्यांनी नॅन्सी लेश यांचं वादनही ऐकावं. या अमेरिकन चेलोवादक रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकल्या आणि चेलोवर धृपद वाजवतात. चेलोला पडदे नसल्यामुळे मींड त्यावर अखंड निघते.

जायच्या आधी काय ऐकू?

हाच कॉन्चेर्टो एकदा पूर्ण ऐका, चाळीस मिनिटांचा आहे. रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविचने कंडक्टर कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर केलेलं 1968चं रेकॉर्डिंग सहज मिळतं. त्याच वर्षी 21 ऑगस्टला तो हाच कॉन्चेर्टो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सोव्हिएत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होता. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे ड्वोर्झाकच्या देशात घुसले होते. सभागृहात निषेधाच्या घोषणा झाल्या. वाजवून झाल्यावर रोस्त्रोपोविचने ड्वोर्झाकची स्वरलिपी उंच धरून दाखवली.

वेळ असेल तर एल्गारचा चेलो कॉन्चेर्टोही ऐका, जॅकलिन द्यु प्रे हिने विसाव्या वर्षी, 1965 मध्ये रेकॉर्ड केलेला. त्या कॉन्चेर्टोचा 1919चा पहिला प्रयोग अपुऱ्या तालमीमुळे पडला होता. द्यु प्रेच्या वादनाने तो घरोघर पोचला. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसने तिचे हात थांबवले. फेब्रुवारी 1973 मध्ये लंडनमध्ये तिने तो शेवटचा वाजवला, तेव्हा कंडक्टर झुबिन मेहता होते.

रेकॉर्डिंग ऐकताना एक खबरदारी घ्या. तिथे माइक चेलोच्या जवळ असतो, त्यामुळे चेलो ऑर्केस्ट्राइतकाच मोठा वाटतो. सभागृहात तो तेवढा मोठा ऐकू येणार नाही, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत निराश होऊ नका. कान सरावायला थोडा वेळ घेतात. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, कारण एकदा वादन सुरू झालं की उशिरा येणाऱ्यांना मध्येच आत सोडत नाहीत. आणि सुरुवातीचे क्लॅरिनेट चुकवण्यासारखे नाहीत.